पाठ टेकल्याशिवाय

मे महिन्यात वाचनालयाच्या बालविभागात पोरं यावीत म्हणून दरवर्षी काहीतरी काढावं लागे. आदल्या वर्षी सुलेखनाचा वर्ग काढला होता. त्याला दोन मुलं आली, आणि त्यातलं एक शेजारच्या तालमीत जायचं ते चुकून इकडं शिरलेलं होतं. म्हणून चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात ग्रंथपाल नजीरा मुल्लानं एक खोका टेबलावर ठेवला आणि रोज सकाळी तीन वर्तमानपत्रं वाचायला येणाऱ्या दस्तगीर शिकलगारांना म्हणाली, "चाचा, एवढं बघता का? इंग्रजी लई हाय यात."

खोका तिच्या भावानं, चमननं, बहारीनहून पाठवला होता. चमन तिकडं एका गोऱ्या साहेबाच्या घरी स्वयंपाक करी. साहेब देश सोडून गेला आणि जाताना पोरांची अडगळ चमनच्या गळ्यात घालून गेला. खोक्यात चौसष्ट पानांचं एक पुस्तक होतं, फाशांवरचे आकडे रंगवायला मेणाचा एक खडू होता आणि काही फासे होते. त्यातले बरेचसे बघितल्यावर फासे वाटतच नव्हते. एकाला चार तोंडं, एकाला आठ, एकाला चक्क वीस. पोरांनी आपापला एक योद्धा कागदावर तयार करायचा, कागदावरच्या गुहेत शिरायचं, आणि समोर येईल त्याच्याशी फासे टाकून लढायचं, असा तो खेळ होता. खेळ चालवायला एक मोठा माणूस लागे. नियम त्यानं पाठ करायचे आणि निवाडा त्यानं द्यायचा.

दस्तगीर दिवाणी कोर्टात चौतीस वर्षं काढून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या पूर्वजांनी तलवारींना धार लावली. दस्तगीरनी पेन्सिलीपलीकडं कशालाही धार लावली नव्हती. माणूस सरळ. इतका सरळ की त्याचा घरच्यांना त्रास व्हावा. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा मेहुणा, कागलचा बादशहा, जमिनीच्या दाव्यासाठी आला होता आणि "दाजी, आपली फाइल तेवढी दोन नंबर वर घ्या की" म्हणाला होता. दस्तगीरनी घेतली नाही. दाव्याचं पुढं चांगलंच झालं, पण बादशहानं त्यानंतर या घराची पायरी चढली नाही. दस्तगीरांची बायको मेहमुदा तेव्हापासून एकच वाक्य म्हणे, "मी मरायच्या आधी कुणासाठी तरी एक नियम मोडून दाखवा."

अशा माणसाच्या हातात नजीरानं नियमांचं पुस्तक दिलं. दुष्काळात वाढलेल्याला जेवणावळीचं आमंत्रण द्यावं, तसं झालं ते.

कायद्याचं पुस्तक वाचायची दस्तगीरांची एक रीत होती. प्रस्तावना सोडायची. प्रस्तावनेवर आजवर कुणाला डिक्री मिळालेली नाही, असं ते नव्या कारकुनांना सांगत. त्याप्रमाणे त्यांनी पहिली पानं उलटली आणि थेट लढाईच्या प्रकरणाला हात घातला. शब्दकोश मांडीवर घेऊन सात दिवस ते बसले आणि एका लांबड्या रजिस्टरात एकशे सतरा कलमं उतरवून काढली.

चिलखताला एक दर्जा असे, आणि आकडा जितका कमी तितकं चिलखत भारी. दुसरा कुणी इथं बुचकळ्यात पडला असता. दस्तगीर पडले नाहीत. सरकारात क्लास वन म्हणजे साहेब आणि क्लास फोर म्हणजे शिपाई, यात न समजण्यासारखं काय आहे, असं ते म्हणाले. विषापासून वाचायला वेगळा फासा टाकावा लागे, त्याचं नाव त्यांनी 'अपील' ठेवलं. वार बसला की अंगातला जीव आकड्यानं कमी होई, आणि जीव शून्यावर आला की माणूस मेला. हे कलम एकेचाळीस. त्याला पोटकलम नव्हतं, अपवाद नव्हता. दस्तगीरांना ते कलम फार आवडलं. मेलेल्या योद्ध्याच्या कागदावर 'निकाली' असा शिक्का मारून तो लाल फडक्यात बांधायचा आणि पुन्हा उघडायचा नाही, ही भर मात्र त्यांची स्वतःची होती. शिक्का त्यांनी पदरचे पैसे घालून करून घेतला.

पहिल्या दिवशी सहा पोरं आली. त्यांत बायडा होती. ती राधानगरीकडची, दहा वर्षांची, पेठेत मामाकडं सुट्टीला आलेली. घरी ती म्हशींमागं असे आणि शाळेत चौथीत दुसऱ्यांदा बसली होती. प्रत्येक पोरानं तीन फासे टाकून आपल्या योद्ध्याची ताकद ठरवायची होती. बायडानं टाकले. तिन्हींवर सहा.

"अठरा," दस्तगीर म्हणाले आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "अठरापैकी अठरा."

"कुणाचं?"

"तुझं."

"पैकीच्या पैकी?"

"पैकीच्या पैकी. याहून जास्त पुस्तकात नाही."

बायडानं कागद हातात घेतला. योद्ध्याचं नाव काय ठेवायचं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "दुसरं कशाला? माझं हायच की." त्या दिवसापासून तो कागद तिनं सोडला नाही. रात्री तो उशाखाली असतो, हे तिच्या मामीनं नजीराला सांगितलं.

पहिली लढाई अकरा उंदरांशी झाली. ती चार दिवस चालली. गुहेतल्या घड्याळाप्रमाणे ती दीड मिनिटात संपली होती, पण दस्तगीर कुठलंही कलम गाळत नसत. ज्याची पाळी येई त्याचा ते तीनदा पुकारा करत. "बाळासो पाटील, हाजिर हो." बाळासो लघवीला गेला असेल तर त्याची पाळी बुडे आणि तशी नोंद होई. पोरं कंटाळून पळतील असं नजीराला वाटलं होतं. झालं उलटंच. पोरांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नाव घेऊन तीनदा बोलावत होतं. दुसऱ्या आठवड्यात पोरं चौदा झाली.

मात्र पोरं कोल्हापूरची होती. लढाई कशी करायची हे त्यांना चौसष्ट पानांनी शिकवायची गरज नव्हती. उंदीर संपून गुहेत पहिला दरोडेखोर आला, तसा बाळासोनं हात वर केला. "चाचा, सलामी झाली न्हाय."

"कसली सलामी?"

"लढायच्या आधी हातावर हात लावाय नको व्हय? माती लावून?"

दस्तगीरनी रजिस्टर चाळलं. "अशी तरतूद नाही."

"आणि आमी एवढे जण, त्यो एकटा. जोड कशी लागायची?" दुसरा म्हणाला.

"तशीही तरतूद नाही. सगळ्यांनी मारायचं आहे."

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. त्या गोऱ्या मुलखाविषयी त्यांचं मत त्या दिवशी कायमचं वाईट झालं. त्यात बाळासोचा योद्धा चोर होता आणि कलम त्र्याहत्तरप्रमाणे चोरानं मागून वार केला तर फाशाला चार जास्त मिळत. बाळासोनं तो फायदा घेतला. दरोडेखोर मेला, पण तीन दिवस बाळासोशी कुणी बोललं नाही. त्याच्या आईनंही त्याला ताट वाढताना विचारलं, "पाठीमागनं मारलास म्हणं?"

इथवर सगळं एका खोलीत चाललं होतं. खोलीच्या भिंतीपलीकडं हंबीरराव वस्तादांची तालीम होती, आणि वाचनालयातली निम्मी पोरं संध्याकाळी तिथं जात. एके दिवशी आखाड्यात एका पोरानं जोडीदाराची कंबर धरली आणि तसाच थांबून विचारलं, "आता माजी पाळी का तुजी?" जोडीदारानं उत्तर द्यायच्या ऐवजी त्याला उचलून आपटला. दुसऱ्या दिवशी वस्ताद लुंगी सावरत बालविभागात आले. दारात मान तिरकी करावी लागे एवढा माणूस.

"शिरस्तेदार, पोरांस्नी काय शिकवायला लागलाय? कुस्तीत कुणी पाळी धरतंय व्हय?"

"बसा वस्ताद. लढाई चालू आहे. मध्ये बोलता येणार नाही."

वस्ताद पोरांच्या बाकावर बसले. बाकाचा आवाज झाला. गुहेत त्या वेळी बायडाच्या वाटेत एक अस्वल उभं होतं, आणि तिला वीस तोंडांच्या फाशावर तेराच्या वर हवे होते. चौदा पडले. वस्तादांनी आपल्याच मांडीवर थाप मारली. त्या दिवशी ते शेवटपर्यंत उठले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "उद्या किती वाजता?"

वस्ताद रोज यायला लागले, तशी त्यांची माणसंही यायला लागली. कोपऱ्यावर केरबा गवळी संध्याकाळी म्हैस उभी करून गिऱ्हाइकासमोर दूध काढून देई. त्याची गिऱ्हाइकं वाचनालयात जाऊन बसली, म्हणून त्यानं म्हैसच वाचनालयाच्या दाराशी आणून बांधली. पुढं तोही आत येऊन बसू लागला आणि गिऱ्हाइकं आत केरबाजवळ बसून दुधाची वाट बघू लागली. म्हैस बाहेर ओरडे. वाचनालयात शांतता राखावी, अशी पाटी होती. नजीरानं ती काढून कपाटात ठेवली.

बायडाची सुट्टी गुरुवारी संपणार होती. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं तिचा मामा तिला राधानगरीला पोचवणार होता. म्हणून गुहेतल्या शेवटच्या दैत्याशी लढत गुरुवारी दुपारी चारला, असं दस्तगीरनी फळ्यावर लिहिलं. चारला खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. खिडकीतून माणसं बघत होती.

लढाई साडेपाचपर्यंत चालली. दैत्य तगडा निघाला. एक-एक करून पोरांचे योद्धे मागं सरले, बाळासोचा चोर तेवढा दैत्याच्या पाठीमागं दबा धरून होता, आणि समोर बायडा राहिली. तिच्या अंगात जीव उरला होता तीन. दैत्याच्या पाळीचा फासा दस्तगीर सगळ्यांसमोर टाकत. न्याय उघड्यावर होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. फासा गडगडला आणि एकोणीसवर थांबला.

वार किती बसला, हे ठरवायला त्यांनी दुसरा फासा टाकला. पाच.

दस्तगीरनी रजिस्टरात बघितलं, खरं तर बघायची गरज नव्हती. "जीव शून्य," ते म्हणाले. "कलम एकेचाळीस. बायडाबाई मयत."

त्यांनी शिक्का बाहेर काढला आणि शाईची गादी उघडली. तेवढ्यात बाकावरून हंबीरराव वस्ताद म्हणाले, "पाठ टेकली का?"

"म्हणजे?"

"पडली ती. पालथी पडली का उताणी? पाठ टेकल्याशिवाय हार हुईत न्हाय."

"वस्ताद, पुस्तकात पाठीचा उल्लेख नाही."

"पुस्तकात कोल्हापूरचा तरी हाय का?"

लोक हळूहळू बोलायला लागले. कुणी म्हणालं नियम तो नियम, कुणी म्हणालं पोर उद्या गावाकडं जायची हाय. केरबा म्हणाला, म्हशीचं दूध अजून काढायचं राहिलंय, काय ते लवकर ठरवा. दस्तगीर हे सगळं ऐकत होते आणि हे सगळं त्यांनी चौतीस वर्षं ऐकलं होतं. गलक्यावर त्यांनी कधी निकाल बदलला नव्हता. त्यांनी शिक्का गादीवर दाबला.

बायडा रडत नव्हती. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं नजीरा पुढं म्हणे. तिनं कागद टेबलावर ठेवला, त्याचे दुमडलेले कोपरे अंगठ्यानं एक-एक सरळ केले आणि दस्तगीरांपुढं सरकवला.

"घ्या चाचा," ती म्हणाली. "शिक्का अठरावर नका मारू. तेवढं दिसू दे."

दस्तगीरांचा हात वर होता तो वरच राहिला. अठरापैकी अठरा त्यांनीच लिहिलं होतं, आपल्या वळणदार अक्षरात. त्यांनी शिक्का खाली ठेवला, इंग्रजी पुस्तक उघडलं आणि मधलं कुठलंतरी पान धरून बराच वेळ त्यावर नजर फिरवली. त्या पानावर घोड्याच्या आणि दोरखंडाच्या किमती होत्या.

"नियम आहे," ते पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले. "पाठ टेकल्याशिवाय मयत समजू नये. योद्धा पालथा पडला असल्यास एक पाळी शिल्लक राहते."

"आणि ती?" वस्तादांनी विचारलं.

"पालथी पडली आहे."

बायडानं फासा टाकला. चार. वार हुकला. दैत्याच्या पाळीला दस्तगीरनी टाकला तर दोन पडले, तोही हुकला, बायडाची पाठ टेकली नाही. मग बाळासोचा पुकारा झाला. त्याचा चोर दैत्याच्या मागंच उभा होता, फाशाला चार जास्त मिळणार होते. बाळासोनं फासा मुठीत घोळवला आणि तो म्हणाला, "चाचा, मी म्होरं येतो. सलामी देतो, मग मारतो."

"चार मिळणार नाहीत."

"नसूद्यात."

सतरा पडले. दैत्य कोसळला. वस्ताद बाकावरून अर्धे उठले. "कसा पडला?"

दस्तगीरनी या वेळी पुस्तकात बघितलंसुद्धा नाही. "उताणा," ते म्हणाले.

त्यानंतर जो आवाज झाला त्यानं म्हैस खुंटा उपटून रंकाळ्याच्या दिशेनं पळाली. निम्मं वाचनालय तिच्यामागं गेलं. बायडा कागद छातीशी धरून मामाबरोबर घरी गेली.

सहाच्या सुमाराला खोलीत दोघंच राहिले. दस्तगीर टोपी हातात घेऊन बसले होते. नजीरा नव्या पुस्तकांची दाखल नोंद करत होती.

"नजीरा, उद्यापासून दुसरं कुणी बघा," ते म्हणाले. "मी आज नियम मोडला. तसं पुस्तकात काही नव्हतं. चारचौघांत मी नियम मोडला."

"कळलं मला. घोड्याचं चित्र दिसत हुतं की त्या पानावर."

"चौतीस वर्षांत एकदाही..." ते थांबले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच आलं. त्याला हसू म्हणता आलं नसतं, पण ते त्याच्याच शेजारचं होतं. "मेहमुदा किती वर्षं म्हणत होती. शेवटी मोडला."

नजीरानं लेखणी खाली ठेवली. पुस्तक दाखल करताना ग्रंथपालाला पहिली पानं बघावीच लागतात. तिनं खेळाच्या पुस्तकाचं पहिलंच पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. "चाचा, हे वाचलं नव्हतं तुमी?"

"प्रस्तावना आहे ती."

"वाचा तर."

दस्तगीरनी चष्मा चढवला. तिथं लिहिलं होतं की पुढचे सगळे नियम खेळ चालवणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत. प्रसंग बघून त्यानं नवा नियम करावा किंवा जुना बदलावा, आणि तो म्हणेल तोच नियम. त्यांनी शब्दकोश मागितला आणि तीनदा वाचलं.

"म्हणजे मी मोडला नाही?"

"न्हाय. तुमी केला. त्यो कायदेशीरच हाय."

दस्तगीरांचा चेहरा पडला. जन्मात एकदाच नियम मोडला होता, आणि तोही नियमात बसला होता. त्यांनी निमूटपणे रजिस्टर ओढलं, कलम एकशे अठरा लिहिलं, सही केली आणि टोपी घालून घरी गेले.

घरी मेहमुदा भाकरी थापत होती. म्हशीची बातमी तिच्यापर्यंत आली होती आणि म्हशीबरोबर बाकीचीही आली होती. तिनं तव्यावरून नजर न काढता विचारलं, "तुमी नियम मोडला म्हणं?"

दस्तगीरनी टोपी काढून खुंटीला अडकवली.

"कुणासाठी?"

"राधानगरीच्या एका पोरीसाठी."

"जगली का ती?"

"जगली."

मेहमुदानं भाकरी उलटली. पदरानं डोळे पुसले, धूरही होताच. मग उठून फळीवरच्या डब्यातून एक कोरं पोस्टकार्ड काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. "बादशहाला लिवा," ती म्हणाली. "लिवा, मी नियम मोडला. एवढंच लिवा. त्यो येईल बघा. अकरा वर्सं झाली."

दस्तगीर कार्डाकडं बघत बसले. ते खरं नव्हतं. कलम एकशे अठरा रजिस्टरात होतं, प्रस्तावनेच्या अधिकारानं होतं, त्याखाली त्यांचीच सही होती. पंधरा पैशांच्या त्या सरकारी कार्डावर मेहमुदा त्यांना धडधडीत खोटं लिहायला सांगत होती. तिच्या हाताला पीठ लागलं होतं आणि ती त्यांच्या लेखणीकडं बघत उभी होती.

त्यांनी टोपण काढलं, तारीख घातली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, "प्रिय बादशहा यांस, आज मी नियम मोडला."